कोण कोणाच्या शेजारी बसतो?

स्मरणिकेच्या संपादकांनी आम्हांस ‘शाळेने दिलेले संस्कार’ या विषयावर लिहिण्यास सुचविले होते. या शाळेच्या वसतिगृहात आम्ही सहा वर्षे काढली आणि पुढील आयुष्य गणित शिकविण्यात गेले. संस्कारांवर चार चांगली वाक्ये लिहिणे आम्हांस कठीण नव्हते. परंतु तशा वाक्यांनी भरलेल्या स्मरणिका आपणा सर्वांच्या कपाटांत आहेत. म्हणून विषय किंचित बाजूला सारून एक मत मांडतो. माणसे एकमेकांशी चांगली का वागतात याचे उत्तर त्यांच्या मनात जितके असते, तितकेच त्यांच्या मांडणीत असते. मांडणी म्हणजे कोण कोणाच्या शेजारी आहे, कोणाचे कोणाशी रोज काम पडते, कोणाचे वागणे कोणाला दिसते. आपल्या शाळेत या गोष्टीची चर्चा पूर्वी झाली नाही आणि आता माजी विद्यार्थी निधीच्या निमित्ताने ती करणे भाग आहे.

आमच्या वेळी मुलांच्या लांब दालनात साठ खाटा होत्या आणि दाराशी पिण्याच्या पाण्याचा एकच मोठा रांजण होता. विहिरीवरून पाणी आणून तो भरणे हे सर्वांचे काम होते, आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हते. रात्री तहान लागून उठावे तर तांब्या रांजणाच्या तळाशी खडखडत असे. गृहपाल गुरुजींनी परिपाठात बंधुभावावर बोलून पाहिले. पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावून पाहिला. तक्त्यावरची नावे कोणीतरी ओल्या हाताने पुसली. एका उन्हाळ्यात त्यांनी तो रांजण उचलून स्वयंपाकघरामागे नेला आणि दर सहा खाटांमागे एक, असे दहा माठ आणून ठेवले. त्यावर काही भाषण केले नाही. त्या आठवड्यापासून माठ भरलेले राहू लागले. मुले तीच होती, विहीर तीच होती, आळसही तोच होता. (आळसाच्या बाबतीत आम्ही साक्षीदार नसून आरोपी आहोत.)

हे असे का घडले, याचा उलगडा आम्हांस फार उशिरा, क्रीडासिद्धान्ताची पुस्तके वाचताना झाला. १९५० साली अमेरिकेतील रँड या संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी एक साधा खेळ मांडला व अल्बर्ट टकर या गणितज्ञाने त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली. तेव्हापासून त्याला ‘कैद्यांचा पेच’ म्हणतात. त्याचे सार एवढेच, की दुसरा कसाही वागो, प्रत्येकाला स्वतःपुरते पाहता दगा देणेच फायद्याचे ठरते. आणि दोघांनीही तसे केले की दोघांचीही स्थिती परस्परांना साथ दिली असती त्याहून वाईट होते. आमचा रांजण हा त्याच पेचाचा साठ जणांमधला अवतार होता.

हा पेच आम्ही वर्गात चिंचोक्यांनी खेळवतो. वाचकांनीही चौकटीची वही घेऊन हिशेब करून पाहावा. एकवीस मुले घ्यावीत. प्रत्येकाने ठरवायचे, की आपण ‘देणारा’ व्हायचे की ‘राखणारा’. देणारा आपल्या प्रत्येक शेजाऱ्याला एकेक चिंचोका देतो. शिक्षक त्यात दोन घालतात, म्हणजे शेजाऱ्याला तीन मिळतात. राखणारा कोणाला काही देत नाही, पण मिळाले ते घेतो. डाव संपला की प्रत्येकाने स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या पदरात काय पडले ते पाहायचे आणि ज्याला सर्वांत अधिक मिळाले त्याचे अनुकरण पुढच्या डावात करायचे. नियम इतकेच. आता केवळ बसण्याची पद्धत बदलू.

प्रथम, सगळेच सगळ्यांचे शेजारी आहेत असे धरू. वीस देणारे आणि एक राखणारा. देणाऱ्याचे वीस चिंचोके जातात, एकोणीस जणांकडून सत्तावन्न येतात, उरतात सदतीस. राखणाऱ्याला वीस जणांकडून साठ मिळतात आणि त्याचे काहीच जात नाही. सर्वांना तो दिसतो, सर्व त्याचे अनुकरण करतात, आणि दुसऱ्याच डावात एकवीस राखणारे रिकाम्या हातांनी बसलेले असतात. एका डावात वीस जणांचे औदार्य संपले.

आता तीच मुले गोल करून बसवू. प्रत्येकाला दोनच शेजारी, डावा आणि उजवा. पुन्हा वीस देणारे, एक राखणारा. राखणाऱ्याला दोन्हीकडून मिळून सहा मिळतात. त्याच्या लगतच्या देणाऱ्यांचे दोन जातात व तीन येतात, हाती एक राहतो; ते सहाला भुलून राखणारे होतात. राखणारे झाले तीन. पुढच्या डावात त्यांतील मधल्याला काहीच मिळत नाही, कडेच्या दोघांना तीन-तीन मिळतात. त्यांच्या लगतच्या देणाऱ्याच्या हाती एकच आहे हे खरे, पण तो दोन्ही बाजूंना पाहतो. एका बाजूला तीनचा राखणारा आहे, दुसऱ्या बाजूला दोन देणाऱ्यांच्या मध्ये बसलेला आणि चार मिळवणारा देणारा आहे. तो देणाराच राहतो. दगा तिथे थांबतो. अठरा जण शाबूत राहतात.

उलट बाजूनेही पाहावे. सगळे राखणारे आणि दोघेच देणारे शेजारी-शेजारी बसलेले असतील, तर दोघांच्याही हाती एकेक राहतो, लगतच्या राखणाऱ्यांना तीन मिळतात, आणि पुढच्या डावात ते दोघे राखणारे होतात. एकट्याची तर गोष्टच सोडा. पण तिघे शेजारी बसले, तर मधल्याला चार मिळतात आणि त्याच्याकडे पाहून कडेचे दोघे टिकतात. ते वाढत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु मोडत नाहीत. दोन आणि तीन यांमधला हा फरक वर्गातील मुलांना दर वेळी चकित करतो, आणि आम्हांसही.

तिसरी मांडणी आपल्या संस्थांच्या फार ओळखीची आहे. मधोमध एक मूल, भोवती वीस, आणि प्रत्येकाचा संबंध फक्त मधल्याशी. येथे सर्व काही मधल्यावर अवलंबून असते. मधला देणारा असेल आणि भोवतालच्यांपैकी आठ जण देणारे असतील, तर मधल्याचे वीस जातात, चोवीस येतात, हाती चार राहतात. कडेच्या राखणाऱ्यांच्या हाती तीनच आहेत, म्हणून पुढच्या डावात सगळेच देणारे होतात. मात्र आठांऐवजी सातच असतील, तर मधल्याच्या हाती एक उरतो, तो खचतो, राखणारा होतो आणि त्याच्या मागोमाग सगळी मंडळी कोलमडतात. एका माणसाच्या उत्साहावर चाललेली मंडळे आपण पाहिली आहेत. ती जोरात चालतात आणि एके दिवशी बंद पडतात. आपण त्यांच्या अध्यक्षांना नावे ठेवतो.

आमच्या चिंचोक्यांचा खेळ ज्यावरून सुचला, तो प्रयोग मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांनी १९९२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकावर बुद्धिबळाच्या पटासारखा मोठा पट घेतला. प्रत्येक घर भोवतालच्या आठ घरांशी हा पेच खेळते आणि त्यांतील सर्वांत यशस्वी घराचे अनुकरण करते. साथ देणारे आणि दगा देणारे पटावर दीर्घकाळ एकत्र नांदतात, आणि काही मूल्यांना मध्यभागी एकच दगाबाज सोडला तर गालिच्यावरील नक्षीप्रमाणे सममित आकृत्या उमलत जातात, असे त्यांना आढळले. या आकृत्या ज्याने पाहिल्या त्याला दिवाळीतील ठिपक्यांची रांगोळी आठवल्याशिवाय राहणार नाही. पुढे २००६ साली ओत्सुकी, हाउअर्ट, लिबरमन व नोवाक यांनी एक सुटसुटीत नियम मांडला. साथ देण्याने होणारा लाभ हा त्यासाठी पडणाऱ्या खर्चाच्या जितका पट आहे, तो आकडा सरासरी शेजाऱ्यांच्या संख्येहून मोठा असेल, तर साथीला बळ मिळते. आमच्या खेळात लाभ तिप्पट आहे. शेजारी दोन असले तर साथ टिकते, वीस असले तर मोडते. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सहा दिशांची सहा नाती सांगितली आहेत, साठ नव्हेत, याची आठवण आम्हांस येथे उगाचच झाली.

पण गणिताच्या शिक्षकाने स्वतःच्या गणितावर भाळू नये. अनुकरणाची रीत जराशी बदलली की हा नियम बदलतो. खेळ बदलला तरी बदलतो. घाटात दरड कोसळून रस्ता अडला आहे, दोन बाजूंना दोन गाड्या उभ्या आहेत, आणि एकाने जरी माती उपसली तरी दोघांचाही मार्ग मोकळा होणार आहे, अशा प्रकारच्या खेळात (मूळ गोष्टीत मातीऐवजी बर्फ आहे) शेजाराची चौकट साथीला अनेकदा मारकच ठरते, असे हाउअर्ट व डोबेली यांनी २००४ साली दाखविले. आणि सर्वांत मोठा धक्का शाळकरी मुलांनीच दिला. काही मोजक्यांना पुष्कळ शेजारी व बाकीच्यांना थोडे, अशा विषम जाळ्यांत साथ फार फोफावते, असे संगणक सांगत होता. स्पेनमधील सारागोसा येथील संशोधकांनी त्या परिसरातील माध्यमिक शाळांतील १,२२९ विद्यार्थ्यांना संगणकांनी जोडून हाच खेळ खेळविला. एका गटात चौकटीचे जाळे, दुसऱ्यात विषम जाळे. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की दोन्ही जाळ्यांत काहीही फरक पडला नाही. मुले शेजाऱ्याच्या लाभाकडे पाहतच नव्हती. शेजाऱ्यांपैकी किती जणांनी साथ दिली आणि मागच्या डावात आपण स्वतः काय केले, एवढेच ती पाहत होती.

हा निष्कर्ष वाचून आमचा मुद्दा ढासळतो असे काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. मुले नफ्याचे अनुकरण करीत नाहीत, ती साथीला साथीने उत्तर देतात, ही बातमी शिक्षकाला आनंदाचीच आहे. मात्र साथीला उत्तर देण्यासाठी ती दिसावी लागते, आणि साठ जणांच्या रांजणात ती दिसत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांच्या स्थिर जाळ्यातही लाभाचे प्रमाण शेजाऱ्यांच्या संख्येहून मोठे ठेवले तेव्हा साथ टिकलेली दिसली. त्याआधी २०११ साली डेव्हिड रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले होते, की खेळाडूंना वारंवार आपला शेजार बदलण्याची मुभा दिली तर साथ टिकते. शेजार कायमचा बांधून टाकला तर ती हळूहळू ओसरते. शेजार थोडा असावा आणि तो बदलता असावा, ही दुसरी अट आमच्या गुरुजींना कशी सुचली असेल हे आम्हांस ठाऊक नाही. पण ती त्यांच्यावर आम्हीच आणली, हे मात्र ठाऊक आहे. तो प्रसंग सांगितल्याशिवाय हा लेख पुढे नेणे योग्य नाही.

माठ येऊन महिना झाला असेल. जून महिन्यात एक नवा मुलगा दाखल झाला आणि खाट रिकामी नसल्यामुळे दाराजवळ सतरंजीवर झोपू लागला. तो कोणत्याच सहांत नव्हता. एका रात्री तो आमच्या माठापाशी आला. आम्ही खाटेवरून म्हणालो, “आमच्या माठाला हात लावू नकोस.” त्याने हात मागे घेतला आणि तो बाहेर विहिरीकडे गेला. पलीकडच्या खाटेवरचा मोठा मुलगा उठून बसला व आमच्याकडे नुसता पाहत राहिला. आम्ही काय बोललो ते आम्हांस तेव्हा उमगले. ज्या घरांतून आम्ही आलो होतो, त्या घरांतील आजोबांनी हे वाक्य किती पाणवठ्यांवर ऐकले असेल! आम्ही त्याच घरांची मुले, महाडच्या सत्याग्रहाचा दिवस दरवर्षी पाळणारी; आणि एका मडक्याच्या मालकीने एका महिन्यात ते वाक्य आमच्या तोंडी आणून ठेवले. गुरुजींना ते कळले. ते आम्हांस रागावले नाहीत. त्या महिन्यापासून दर सहांतील दोघांची खाट दर महिन्याला पुढच्या माठाकडे सरकू लागली, आणि नवा मुलगा पहिल्या फेरीतच आमच्या सहांत आला.

म्हणजे जी मांडणी साथीला राखते, तीच कुंपण घालते. या गोष्टीची मुळाशी जाऊन चिकित्सा आपल्या वाचकांच्या घरातच आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग आणि गटांतर्गत विवाह हे त्याचे कुलूप, हा त्यातील विचार आपल्याकडे पुष्कळांना पाठ असतो. ही प्रथा पसरली कशी, हे सांगणारा त्याच निबंधाचा उत्तरार्ध मात्र कमी वाचला जातो. कोणा एका स्मृतिकाराने ती लादली हे त्यांनी नाकारले. गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे अनुकरणाचे नियम घेऊन त्यांनी दाखविले, की वरच्या स्थानावरील गटाने दार लावले, त्याच्या निकट असणाऱ्यांनी त्याच्या सर्व रूढी उचलल्या, त्याहून दूर असणाऱ्यांनी काही, आणि सर्वांत दूरच्यांनी फक्त जातीचे तत्त्व. ज्यांनी स्वतः दार लावले नाही, ते इतरांनी लावलेल्या दारांमुळे आपोआप कोंडले गेले. कोणाचे अनुकरण कोण करतो आणि ते अंतराप्रमाणे कसे बदलते, हा प्रश्न नोवाक व मे यांच्या पटापूर्वी ७६ वर्षे येथे मांडलेला आहे. आणि जो नियम मोडेल त्याला वाळीत टाकायचे ही शिक्षा असल्यामुळे, एकेकट्याला न पटणारी प्रथाही सगळ्यांच्या मिळून अंगवळणी पडते. वाईट रूढीही चांगल्या रूढीइतकीच चिवट असते, कारण दोघींना धरून ठेवणारा शेजार एकच असतो.

यातून सुटका कशाने होते, याचा एक तुकडा आम्हांस डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांच्या १९९८ सालच्या लेखात सापडतो. गोलात बसलेल्या मंडळींमध्ये थोडेसेच धागे लांबच्या कोणाशी जोडले, तर शेजार जवळपास पूर्वीसारखाच घट्ट राहतो, पण कोणापासूनही कोणापर्यंतचे अंतर एकदम घटते. मात्र बातमी एका धाग्यावरून जाते, सवय जात नाही. डॅमन सेंटोला यांनी २०१० साली दाखविले, की एखादी नवी सवय विस्कळीत जाळ्यापेक्षा घट्ट शेजाराच्या जाळ्यात अधिक दूर पसरते. कारण ती उचलण्यापूर्वी माणसाला एकाहून अधिक ओळखीच्यांकडून तिचा पडताळा हवा असतो.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे. माजी विद्यार्थी निधीसाठी आपला एकच मोठा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यात शेकडो माणसे आहेत, शुभेच्छांचा वर्षाव होतो, आणि निधीची हाक आली की शांतता पसरते. चिटणीस एकटे फोन करून दमतात. हा रांजण आहे आणि मधोमध एक मूल बसविलेले आहे. दोन्ही दोष एकत्र. माजी विद्यार्थी कृतघ्न झाले, असा सूर गेल्या मेळाव्यात निघाला. तो सूर आम्हांस मान्य नाही. मांडणी चुकली आहे.

आमची सूचना अशी. निधीचे खाते एकच राहावे, हिशेबही एकाच वहीत. खजिनदारांची ती अडचण रास्त आहे. परंतु वर्गणीची जबाबदारी सहा-सहा जणांच्या गटांवर सोपवावी आणि प्रत्येक गटाकडे एकच ठरावीक काम असावे. एका गटाकडे प्रयोगशाळेचे साहित्य, एकाकडे दहावीच्या मुलींचे परीक्षा शुल्क, एकाकडे माळ्यावरील गळके छत. सहांना एकमेकांचे देणे दिसेल. कोणत्या मुलाला कोणाच्या पैशाने वही मिळाली हे मात्र त्या मुलाला कधीही कळता कामा नये; त्याच्या स्वाभिमानाची किंमत वर्गणीहून मोठी आहे. गट एकाच गावाचे, एकाच नात्यागोत्याचे किंवा एकाच बॅचचे होऊ देऊ नयेत. आपल्यातही पोटजातींचे माठ आहेत, हे आपण घरात कबूल करतो आणि व्यासपीठावर लपवितो. म्हणून प्रत्येक गटात निदान दोघे अन्य जिल्ह्यातील असावेत आणि दरवर्षी दोघांनी पुढच्या गटात जावे. याने मैत्री तुटते असा आक्षेप येईल. आमची तुटली नाही. सतरंजीवरच्या त्या मुलाशी आमचा आजही पत्रव्यवहार आहे.

दुसरी सूचना पालकांसाठी. बारावीनंतर आपली मुले पुण्याला, मुंबईला, नागपूरला एकेकटी जातात. ज्याला जिथे प्रवेश मिळाला तिथे तो जातो, आणि आपण त्याच्या जिद्दीचे कौतुक करतो. पहिल्या सहामाहीत शाळेची शिस्त, वाचनाची सवय, व्यसनापासून दूर राहण्याचा निर्धार यांपैकी काय टिकले, हे विचारायला कोणी जात नाही. शक्य तेथे तिघांना एकाच महाविद्यालयात, निदान एकाच वसतिगृहात पाठवावे. दोघांनी भागत नाही, हे वर चिंचोक्यांनी सांगितलेच आहे. आवडीची शाखा सोडून कोणी सोबतीसाठी जावे असे आम्ही म्हणत नाही. पण प्रवेशाचे अर्ज भरताना तिघांच्या पालकांनी एकदा एकत्र बसण्यास काही खर्च येत नाही.

यंदाच्या मेळाव्यात दुपारच्या भोजनानंतर सभागृहाच्या दाराशी एक कोरी वही ठेवलेली असेल. प्रत्येक पानावर सहा रेघा आहेत. पहिल्या पानावरची पहिली रेघ आम्ही भरली आहे. उरलेल्या पाच रेघा आपल्या ओळखीच्या नसलेल्यांसाठी आहेत. ज्यांना खेळ पडताळून पाहायचा असेल त्यांनी थोडे थांबावे, चिंचोके आम्ही आणतो.